मोबाइल वेबसाइटवरील प्रतिमांचे आकारमान

एकच छायाचित्र लहान-मोठ्या, कमी-जास्त घनतेच्या पडद्यांवर स्पष्ट दिसावे आणि डेटाही वाया जाऊ नये, यासाठी त्याच्या निरनिराळ्या रुंदीच्या प्रती ठेवून निवड ब्राउझरवर सोपवण्याची पद्धत.

सीएसएस पिक्सेल (पानाची मांडणी ज्यात मोजतात ते एकक) आणि पडद्याचे प्रत्यक्ष पिक्सेल वेगळे. ३६० सीएसएस पिक्सेल रुंद फोनचे घनता-गुणोत्तर (एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत बसणारे प्रत्यक्ष पिक्सेल) ३ असेल, तर प्रत्यक्ष रुंदी १०८० भरते. मात्र हिशेब पडद्यावरून करायचा नसतो. चित्राला पानावर जेवढी जागा मिळते तिच्यावरून करायचा असतो. बडोद्यातील एखाद्या मराठी मंडळाच्या साइटवर गणेशोत्सवाची छायाचित्रे दोन रकान्यांत आहेत असे धरू. दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल समास आणि मधली फट १६ वजा जाता प्रत्येक चित्राला १५६ उरतात. घनता ३, म्हणजे ४६८ पिक्सेल हवेत. ‘एसआरसीसेट’मध्ये, म्हणजे चित्राच्या टॅगमधील प्रतींच्या यादीत, ४८०, ७२०, १०८० व १६०० रुंदीच्या प्रती दिल्या असतील, तर ४८०ची पुरते. पण चित्र पानावर किती रुंद दिसणार हे सांगणारे ‘साइझेस’ लिहायचे राहिले, की ब्राउझर चित्र पूर्ण पडद्याएवढे धरतो आणि १०८०ची प्रत मागवतो. रुंदीबरोबर उंचीही वाढत असल्याने पिक्सेल सुमारे पाचपट होतात. ही चूक बरीच आढळते, आणि पान दिसायला ठीक असल्याने ती लक्षातही येत नाही. पान पडद्याच्या रुंदीनुसार मांडायला सांगणारा व्ह्यूपोर्ट टॅगच नसेल, तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद मानून मांडतो आणि सगळाच हिशेब कोलमडतो.

काही चित्रे नुसती लहान करून भागत नाही. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे आडवे छायाचित्र उभ्या फोनवर बारीक पट्टी होऊन बसते. तेथे पडद्यानुसार वेगळे चित्र देणाऱ्या ‘पिक्चर’ घटकातून मनोऱ्याभोवती कापलेली वेगळी प्रत द्यावी. तेथीलच कीर्तिमंदिरातील चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांना मात्र अशी कात्री लावू नये, कारण रचना मोडली की चित्रच उरत नाही. ती अखंड दाखवून मोठ्या प्रतीचा दुवा जोडावा.

कार्यक्रमपत्रिका प्रतिमेऐवजी मजकूर म्हणूनच टाकावी. जेपेग प्रकार रंगांचा तपशील सहसा कमी करून साठवतो, त्यामुळे पिवळ्यावरील लाल अक्षरांच्या कडा फुटतात. लहान आकारात अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात. छायाचित्रांसाठी वेबपी किंवा एव्हीआयएफ हे प्रकार जेपेगपेक्षा हलके पडतात.

प्रत्येक ‘आयएमजी’ टॅगवर रुंदी-उंची लिहावी, म्हणजे चित्र येण्याआधीच जागा राखली जाते आणि वाचताना मजकूर खाली उडी मारत नाही. सोबत सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के, उंची ‘ऑटो’. पान उघडताच दिसणाऱ्या मुख्य चित्राला ‘लेझी’ (चित्र दिसण्याच्या बेतात आल्यावरच उतरवण्याची सूचना) लावू नये. ते उशिरा उतरते. तपासताना कॅशे (ब्राउझरने आधी उतरवलेल्या फायलींचा साठा) बंद ठेवावी, कारण मोठी प्रत आधीच साठलेली असेल तर क्रोम तीच वापरतो आणि लहान प्रत निवडली जाते की नाही हे कळत नाही.