हवेची स्प्रिंग म्हातारी होत नाही

जुन्या स्पीकरची जाळी काढली आणि वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, कडेच्या फोमचा भुगा होऊन खाली पडलेला दिसला, की लोक लगेच दोन निष्कर्ष काढतात. आधीच्या मालकाने तो बेसुमार मोठ्याने वाजवला असणार, हा पहिला. आणि वूफर गेला, आता पेटीसकट भंगारात टाका, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. पहिल्यामुळे फार तर त्या मालकावर अन्याय होतो, पण दुसऱ्यामुळे उत्तम बांधणीचे, अजून कित्येक वर्षं वाजू शकणारे स्पीकर फुकट जातात. म्हणून हा लेख.

आधी फोमचं बघू. १९७०च्या दशकापासून अनेक वूफरच्या कडेला पॉलियुरेथेन फोमची वळी असे. यातल्या पॉलिएस्टर जातीच्या फोममध्ये रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, आणि हे बंध पाण्याच्या वाफेने तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणजे ऱ्हास एकदा सुरू झाला की तो स्वतःच स्वतःला ढकलतो. भर घालायला ऑक्सिजन, ओझोन आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आहेतच. यात संगीत वाजण्याचा संबंध जवळजवळ नाही. खोक्यातून कधीच बाहेर न काढलेल्या स्पीकरचा फोमही साधारण दहा ते वीस वर्षांत चिकट, मग ठिसूळ होतो. ब्यूटाइल रबराची कड असलेले त्याच काळातले वूफर मात्र आजही बहुधा ठणठणीत सापडतात.

बाकीच्या भागांचं काय? फेराइट चुंबक घरगुती वापरात आपलं चुंबकत्व जवळजवळ गमावत नाही. त्याआधीच्या अल्निको चुंबकाची शक्ती तीव्र उलट्या चुंबकीय क्षेत्राने थोडी कमी होऊ शकते, पण नुसत्या वयाने नाही. कागदी शंकू कोरडा राहिला तर टिकतो. शंकूला हलवणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, जळाली नसेल तर ती होती तशीच असते. म्हातारा होतो तो फोम, कधीकधी गोंद, आणि क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) यांच्यात सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधले, कपॅसिटर. म्हणजे या यंत्राचा महागडा आणि अवघड भाग सुस्थितीत असतो, स्वस्त भाग गेलेला असतो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ती समजली की जुना स्पीकर दुरुस्त करताना कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे आपोआप कळतं.

व्हॉइस कॉइलने ढकलला जाणारा शंकू ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी १९२५ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. शंकूला वस्तुमान आहे. त्याला जागेवर धरून ठेवणारी कड आणि आतलं नागमोडी कापड, ज्याला स्पायडर म्हणतात, यांना ताठरपणा आहे. वस्तुमान आणि स्प्रिंग आली म्हणजे स्वाभाविक कंप्रताही (ढकलून सोडलं की दर सेकंदाला किती वेळा हलतं तो आकडा) आली, आणि त्या कंप्रतेच्या खाली स्पीकरचा आवाज झपाट्याने उतरतो. खोल बास हवा तर कंप्रता खाली आणायची, म्हणजे वस्तुमान वाढवायचं किंवा स्प्रिंग मऊ करायची. पण शंकूच्या मागची बाजूही आवाज करते आणि तो पुढच्या आवाजाला खोडून काढतो, म्हणून शंकू पेटीत बंद करावा लागतो. बंद पेटीतली हवा ही आणखी एक स्प्रिंग, आणि तिने कंप्रता पुन्हा वर जाते. यावर उपाय म्हणजे पेटी मोठी करा, इतकी मोठी की हवेची स्प्रिंग नगण्य व्हावी. १९५०च्या सुमाराचे चांगले घरगुती स्पीकर कपाटाएवढे असत ते यामुळेच.

अमेरिकन संशोधक एडगर विलचर यांनी हा प्रश्न उलटा केला. हवेची स्प्रिंग टाळायची कशाला? तीच मुख्य स्प्रिंग होऊ द्या. कड आणि स्पायडर इतके मऊ ठेवा की शंकूला मधोमध धरण्यापलीकडे त्यांना फारसं काम राहू नये, आणि परत खेचण्याचं काम छोट्या हवाबंद पेटीतल्या हवेला द्या. १९५४ मध्ये विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर एआर-१ आणि १९५८चा एआर-३ शेल्फवर मावायचे आणि तरीही त्या काळच्या अवाढव्य पेट्यांपेक्षा स्वच्छ बास द्यायचे.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. एक १० इंची वूफर घ्या, ज्याचं परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटीमीटर आहे, आणि ४० लिटरची बंद पेटी घ्या. शंकू १ मिलिमीटर आत गेला तर ३५ घन सेंटीमीटर जागा कमी झाली, म्हणजे आकारमानात एक हजारांश भागापेक्षाही कमी बदल. पण वातावरणाचा दाब आहे सुमारे १ लाख पास्कल. हवा झटकन दाबली गेली की आकारमान जितक्या प्रमाणात कमी होतं त्याच्या १.४ पट प्रमाणात दाब वाढतो, म्हणून इथे तो सुमारे १२४ पास्कलने वाढेल. याला क्षेत्रफळाने गुणलं की बल मिळतं सव्वाचार न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम वजनाच्या जवळपास. एवढं बल फक्त १ मिलिमीटरला! सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की हाताला जे जाणवतं, तेच हे.

आणि ही स्प्रिंग फार प्रामाणिक आहे. शंकू १० मिलिमीटर सरकला तरी आकारमान १ टक्क्याहून कमी बदलतं, त्यामुळे बल विस्थापनाच्या जवळजवळ अचूक प्रमाणात राहतं. कागदाच्या किंवा कापडाच्या घड्या ताणल्या की टोकाला अचानक ताठ होतात आणि मूळ सुरात नसलेले सूर मिसळतात. हवा असं करत नाही. विलचर यांचा खरा रोख पेटी लहान करण्याइतकाच ही विकृती कमी करण्यावर होता.

त्या १.४ या आकड्यामागेही एक गोष्ट आहे. हवा दाबली की तापते. आपल्या उदाहरणात १ मिलिमीटरला जेमतेम एक दशांश अंश सेल्सिअस, पण तेवढ्यानेही दाब जास्त वाढतो. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना हवेचं तापमान स्थिर राहतं असं धरलं आणि त्याचं उत्तर सुमारे १५ टक्के कमी आलं. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने तो तापण्याचा हिशेब धरून ते दुरुस्त केलं. आता जुन्या बंद पेटीच्या आत बघा: ती काचेच्या किंवा तशाच तंतूंनी भरलेली असते. हे भरण केवळ प्रतिध्वनी शोषायला नाही. तंतू दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, हवा विरळ होताना परत देतात, आणि न्यूटनचं गृहीतक त्या पेटीपुरतं बरंचसं खरं होतं. १.४ हा गुणक १ कडे सरकतो, स्प्रिंग मऊ होते, कंप्रता खाली उतरते, पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. पूर्ण ४० टक्क्यांचा फायदा प्रत्यक्षात मिळत नाही, पण जो मिळतो तो रचनेत धरलेला असतो. म्हणून आतलं भरण ‘जुनं झालंय’ म्हणून फेकू नका. हातमोजे आणि मास्क घालून बाहेर काढा आणि तेवढंच, तसंच परत भरा.

आता दुरुस्तीकडे. समजा मोकळ्या हवेत वूफरची कंप्रता २० हर्ट्झ आहे आणि पेटीत ४०. कंप्रता दुप्पट म्हणजे एकूण ताठरपणा चौपट. त्यातला एक भाग कड आणि स्पायडरचा, उरलेले तीन भाग हवेचे. नवी फोमची कड लावली आणि समजा कड-स्पायडरचा मिळून ताठरपणा ३० टक्क्यांनी वाढला. मोकळ्या हवेत कंप्रता २० वरून जवळजवळ २३ वर जाईल आणि मोजणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. पण पेटीत? चारचे झाले ४.३, त्याचं वर्गमूळ काढलं की ४० हर्ट्झचे होतात साधारण ४१.५. संगीतातल्या अर्ध्या स्वरापेक्षाही कमी फरक. बाजारात मिळणारी कड मूळ कडेसारखी तंतोतंत नसली तरी असे स्पीकर दुरुस्तीनंतर मूळच्या इतके जवळ वाजतात, ते यामुळे. तीन चतुर्थांश स्प्रिंग आजही कारखान्यातून निघाली तशीच आहे.

मात्र ही उदारता हवाबंद पेटीपुरतीच. पुढे भोक किंवा नळी असलेल्या पेटीत वूफर, पेटी आणि नळी यांचा मेळ बसवलेला असतो. तो कसा बसवायचा याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. तिथे कड निवडताना जास्त काटेकोर राहावं लागतं.

बंद पेटीचा खरा शत्रू म्हणजे गळती. मागे तारा जोडायच्या कपाभोवतीचं वाळलेलं सील, वूफरच्या चौकटीखालची चपटी झालेली पट्टी, कापडी कड असलेल्या जुन्या वूफरवरचा सुकलेला लेप, यांतून हवा निसटते आणि स्प्रिंगच नाहीशी होते. तपासणं सोपं आहे. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना, शंकूवर बोटं सारखी टेकवून तो हळूच आत दाबा, क्षणभर धरा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी ठीक. झटकन आला तर कुठेतरी गळतंय. सावकाश का होईना, तो परत येताना हवा कुठून तरी आत-बाहेर होते, हा दोष नाही. पेटी अगदी काटेकोर बंद असती तर हवामानामुळे वातावरणाचा दाब १ टक्का बदलला तरी शंकू कित्येक मिलिमीटर सरकून बसला असता. सूक्ष्म गळती हवी, पण ती ध्वनीच्या मानाने फार मंद हवी.

फोम बदलण्याचं काम चिकाटीचं आहे, अवघड नाही. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा. शंकूची कड आणि धातूची चौकट दोन्हीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायला हवं. नवी वळी आधी शंकूला चिकटवायची, ती वाळली की चौकटीला. मधला टप्पा निर्णायक असतो, कारण व्हॉइस कॉइल ज्या फटीत हलते तिथे दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा काही अंशच जागा असते. मधली टोपी कापून कॉइलभोवती पातळ पट्ट्या खोचणं हा खात्रीचा मार्ग. दुसरा, मला जास्त आवडणारा, म्हणजे गोंद ओला असताना २०-३० हर्ट्झचा हळू सूर सोडायचा. शंकू डोळ्यांना दिसेल असा आत-बाहेर हलतो. कॉइल घासत असेल तर खर्रखर्र ऐकू येते, आणि वळी किंचित सरकवत गेलं की एका जागी ती पूर्ण थांबते. तिथेच दाबून धरायचं. यासाठी गोंद असा हवा की जो सरकवायला वेळ देतो आणि वाळल्यावर लवचिक राहतो. झटपट चिकटणारा गोंद दगडासारखा कडक होतो आणि चूक सुधारू देत नाही. आंबट वासाचा सिलिकॉन तर नकोच, तो वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतो.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं मूल्य वयाने सरकतं, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि ट्वीटर मंदावतो. मोजा, आणि बिघडलेला असेल तर त्याच मूल्याचा नवा घाला. फिल्म कपॅसिटर घातला तर त्याचा रोध फारच कमी असल्याने ट्वीटर मूळच्यापेक्षा चढा वाजू शकतो. अशा वेळी मालिकेत एक छोटा रोधक घालून समतोल परत आणता येतो.

याच कोपऱ्यात अंधश्रद्धा सर्वांत जास्त माजल्या आहेत. अमुक कपॅसिटर शेकडो तास वाजवल्यावर ‘उमलतो’, तमुक केबल एकाच दिशेने जोडली तर गाणं मोकळं होतं, तारा जमिनीवरून उचलून धरल्या की बास घट्ट होतो. नवी कड आणि स्पायडर सुरुवातीच्या वापरात थोडे सैल होतात हे खरं आहे आणि ते मोजून दाखवता येतं. तांब्याच्या तारेत असं काही होत नाही. सिग्नल दोन्ही दिशांना उलटसुलट वाहतो, त्याला बाण छापलेला कळत नाही. पुरेशी जाड साधी तार वापरा आणि उरलेले पैसे गाण्यांवर खर्च करा. दावा करणाऱ्याला कोणती केबल जोडली आहे हे न सांगता ओळखायला लावा, एवढी एकच चाचणी मी मागतो.

स्पीकर जोडताना दोन गोष्टी बघा. त्या काळचे अनेक बंद पेटीचे स्पीकर ४ ओहमचे आणि कमी संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच शक्तीत कमी आवाज देणारे, आहेत. छोटा ॲम्प्लिफायर त्यांच्यापुढे तापतो. आणि दोन्ही स्पीकरच्या धन-ऋण तारा सारख्याच जोडल्या आहेत याची खात्री करा, नाहीतर दोन शंकू एकमेकांविरुद्ध हलतील आणि बास खोडला जाईल. मग डबल बेस असलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा. त्या वाद्याची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या पेटीच्या कंप्रतेवरच. तिच्याखाली बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो, नळीच्या पेटीचा २४ ने. या सौम्य उतारामुळे आणि भिंतीच्या आधारामुळे खालचे स्वर एकदम तुटत नाहीत. पेटी भिंतीजवळ सरकवा, थोडी दूर न्या, ती खालची तार वरच्या तारांच्या बरोबरीने ऐकू येईल अशी जागा सापडेपर्यंत.