असेटो कोर्सा : पीसीवरची रेसिंग सिम आणि तिचा खरा सेटअप

असेटो कोर्सा हा इटलीत बनलेला कार रेसिंगचा पीसी गेम, खरं तर गेम नाही सिमच, म्हणजे सिम्युलेटरच म्हणायचं, कारण यात गाडी वळणावर सुटली तर ती टायर, वजन आणि वेगाच्या हिशोबाने सुटते, कुणी आधी भरून ठेवलेला इफेक्ट म्हणून नाही. खेळणारे याला नुसतं एसी म्हणतात, आणि 'काल रात्री दोनपर्यंत एसी चालू होता' असं बोलून गेलं की घरचे आधी लाइटबिलावर येतात. इटालियनमध्ये या नावाचा अर्थ साधारण 'रेसिंगचा सेटअप' असा आहे. आता सेटअप म्हटलं की नवीन माणूस थेट गाडीच्या स्प्रिंग, विंग, डिफरन्शियलमध्ये शिरतो आणि महिनाभर तिथेच अडकतो, लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, आहे तिथेच. पण या सिममधून खरंच काही काढायचं असेल तर आधी सेटअप करायचा तो खुर्चीचा, मग स्क्रीनचा, मग व्हीलचा, मग ब्रेक दाबणाऱ्या पायाचा, आणि गाडीचा नंबर सगळ्यात शेवटी.

कुठून आला

बनवणारी कंपनी कुनोस सिम्युलाझिओनी, २००५ ची, आणि हिचं ऑफिस रोमच्या उत्तरेला वाल्लेलुंगा नावाच्या खऱ्याखुऱ्या रेस ट्रॅकपाशी, म्हणजे हे लोक खिडकीतून गाड्यांचे आवाज ऐकत कोड लिहीत होते असं समजा. असेटो कोर्साच्या आधी त्यांची नेटकार प्रो ही सिम होती, २०१० मध्ये फेरारीसाठी व्हर्च्युअल अकॅडमी नावाची सिमही त्यांनीच केली. असेटो कोर्सा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच खेळायला, आला नोव्हेंबर २०१३ ला आणि पूर्ण झाला डिसेंबर २०१४ ला. पुढे कन्सोलवर गेला, मग २०१९ ला फक्त जीटी रेसिंगचा कॉम्पेतित्सिओने आला, जानेवारी २०२५ ला ईव्हो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, पण जुना एसी लोकांनी काही सोडला नाही, त्याचं कारण मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या, ट्रॅक आणि सुधारणा, ते पुढे येईलच.

यातले बहुतेक खरे ट्रॅक लेझर स्कॅन केलेले आहेत. म्हणजे स्कॅनर ट्रॅकवर फिरवून रस्त्याचे अगणित पॉइंट मोजून घेतात, आणि मग डांबराची लाट, कर्बची, म्हणजे वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीची, उंची, ब्रेकिंगच्या जागी पडलेला खळगा हे सगळं गेममध्ये जिथल्या तिथे येतं. मोंझा, इमोला, मुजेल्लो, सिल्वरस्टोन असे ट्रॅक मिळतात, आणि २०१५ ला डीएलसीमधून, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या जोडपॅकमधून, नॉर्डश्लाइफ आला, जर्मनीतला २०.८ किलोमीटरचा तो जंगलातला राक्षस. तो आल्या आल्या सगळे तिथे धावले आणि बहुतेक सगळे पहिल्या दोन किलोमीटरात झुडपात गेले, त्यामुळे तिथून सुरुवात नको.

खुर्ची आणि स्क्रीन

आपल्याकडे बहुतेकांचं रिग, म्हणजे खेळायला बसायची सगळी मांडणी, म्हणजे कॉम्प्युटर टेबलला क्लॅम्पने आवळलेलं लॉजिटेकचं किंवा थ्रस्टमास्टरचं व्हील, खाली पेडल आणि चाकांची ऑफिस खुर्ची. ब्रेक जोरात दाबला की गाडी थांबायच्या आधी खुर्ची मागे जाते. यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घालायची, पाच चाकं पाच बूट, दिसायला भयंकर दिसतं पण खुर्ची जागची हलत नाही. पेडलचा बेस भिंतीला टेकवायचा, मध्ये गॅप राहत असेल तर लाकडी पट्टी घालायची. यात शंभर रुपयेही जात नाहीत आणि फरक मात्र पाच हजारांच्या अपग्रेडपेक्षा जास्त पडतो, कारण पाय दर वेळी त्याच जागी त्याच जोरात पडायला लागतो.

मग एफओव्ही, म्हणजे स्क्रीनमध्ये किती अंशांचं दृश्य मावलंय ते. स्क्रीन ही गाडीची खिडकी आहे असं धरा, खिडकी जितकी लांब तितकं बाहेरचं कमी दिसणार. २७ इंची साध्या वाइड मॉनिटरची उंची साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर, तो डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा एफओव्ही येतो ३१ अंशांच्या आसपास, ९० सेंटिमीटरवर ढकलला तर फक्त २१. एसीमध्ये उभाच आकडा भरायचा असतो. पहिल्यांदा हा आकडा टाकला की सगळे वैतागतात, आरसे गायब, वेग कमी वाटतो, दुर्बिणीतून बघितल्यासारखं होतं. चार दिवस सहन करा. वळण खरंच जितकं लांब आहे तितकंच दिसायला लागतं आणि ब्रेक कुठे दाबायचा याचा अंदाज एकदम सुधारतो. मॉनिटर व्हीलच्या जितका जवळ तितकं चांगलं, मोठा टीव्ही लांब भिंतीवर टांगून खेळण्यापेक्षा छोटा मॉनिटर नाकासमोर बरा.

ग्राफिक्सचं थोडक्यात सांगायचं तर फ्रेम स्थिर पाहिजेत, सुंदर नंतर. रिफ्लेक्शन, आरसे, सावल्या यावर आधी कात्री चालवा, आणि समोर कॉम्प्युटरने चालवायच्या वीस एआय गाड्या लावल्या की प्रोसेसर दमतो हेही लक्षात ठेवा.

व्हीलचा जोर

फोर्स फीडबॅक म्हणजे व्हील हाताला जो जोर देतं तो, आणि इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जास्त जोर म्हणजे जास्त रिअल असं समजून गेन, म्हणजे त्या जोराची एकूण पातळी, वर नेऊन ठेवणं. व्हीलच्या मोटरला मर्यादा असते, गेमने त्याहून जास्त जोर मागितला की मोटर आपली कमाल देऊन गप्प बसते, याला क्लिपिंग म्हणतात. मग टायर पकडीत आहे, सुटतोय की सुटला, हाताला सगळं एकसारखंच जड लागतं, म्हणजे ज्यासाठी व्हील घेतलं तीच माहिती गेली. रेसमध्ये गेममधलंच पेडलचं छोटं ॲप उघडून ठेवा, त्यात फोर्स फीडबॅकची पण पट्टी असते, लांब वळणात ती सारखी लाल होत असेल तर गेन कमी करा, कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालतंय. कर्ब, रोड, स्लिप हे वेगळे इफेक्ट शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा, ते वरून भुरभुरलेली शेव आहे, मूळ चव फिजिक्समध्ये आहे.

लॉजिटेकच्या जी२९ सारख्या गिअरवाल्या व्हीलला मधोमध एक मेलेली जागा असते, हलका जोर पोचतच नाही. त्यासाठी मिनिमम फोर्स थोडा वाढवतात, किंवा व्हीलची चाचणी घेऊन एलयूटी फाइल, म्हणजे कमी-जास्त जोर दुरुस्त करणारा तक्ता, बनवून ती सेटिंगच्या फोल्डरमध्ये टाकतात, अर्ध्या तासाचं काम आहे आणि स्वस्त व्हीलसाठी याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही. व्हील नसेल तर कंट्रोलरवरही बऱ्यापैकी जमतं. कीबोर्डवर मात्र नको, त्यापेक्षा दुसरा गेम खेळा.

ब्रेक, म्हणजे खरा खेळ

एकच गाडी, एकच ट्रॅक. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण शंभर गाड्या बदलून बघणारा शंभर गाड्या वाईट चालवतो. सुरुवातीला लोटस एलिससारखी हलकी, कमी पॉवरची गाडी घ्या, आणि माजोने नाहीतर वाल्लेलुंगासारखा छोटा ट्रॅक. माजोने पेरुजाजवळचा जेमतेम अडीच किलोमीटरचा ट्रॅक, चूक केली की मिनिट-दीड मिनिटात तेच वळण परत येतं.

मग मोंझा. तिथल्या मुख्य सरळीच्या शेवटी पहिली शिकेन आहे, म्हणजे वेग तोडायला लागोपाठ ठेवलेली उलटसुलट वळणं, उजवी-डावी, आणि ऑनलाइन रेसच्या पहिल्या लॅपला तिथे जे होतं ते दादर स्टेशनच्या जिन्यावर सकाळी नऊला होतं तसंच. नवीन माणूस काय करतो, समोरच्यापेक्षा उशिरा ब्रेक दाबतो, उजवीकडे आत पोचत नाही, मग डावं वळण वाकडं लागतं आणि बाहेर पडताना गॅस सोडावा लागतो. एंट्रीला पावभर वाचवला आणि एक्झिटला किलोभर घालवला, कारण त्यापुढे कुर्वा ग्रांदे हे लांब वळण आणि थेट दुसऱ्या शिकेनपर्यंत फुल गॅस आहे, आणि बाहेर पडताना गेलेल्या वेगाचा तोटा तेवढं सगळं अंतर अंगाला चिकटून राहतो. म्हणून अंतराची एक पाटी ठरवा, समजा १५० ची, दहा लॅप ब्रेक तिथेच. लवकर वाटला तरी तिथेच. दहाही लॅप एकमेकांच्या तीन-चार दशांश सेकंदांत यायला लागले की मग पाच मीटर पुढे सरका.

पुढची पायरी ट्रेल ब्रेकिंग. ब्रेक दाबला की वजन पुढच्या टायरवर येतं आणि पुढचे टायर रस्ता चावतात. वळायला लागल्यावर ब्रेक झटकन सोडला तर वजन मागे जातं, नाक उचललं जातं आणि गाडी सरळ पळते, मग आपण व्हील अजून पिळतो, जे अगदी चूक. त्याऐवजी व्हील जसं फिरेल तसा ब्रेक हळूहळू सोडत जायचा, ओली पिशवी टेबलावर टेकवावी तसा. मोंझाच्याच लेस्मो नावाच्या दोन वळणांवर हे शिकायला मिळतं. कान पण उघडे ठेवा, टायर हलकं कुरकुरत असेल तर ठीक, किंचाळायला लागला की टाइम गेला. स्वतःचा घोस्ट, म्हणजे आपल्याच चांगल्या लॅपची पारदर्शक गाडी, लावून त्याच्यामागे पळा, कुठे तो पुढे जातो तेवढं बघा.

गाडीच्या सेटअपला एवढं झाल्यावर हात लावा, तोही आधी फक्त तीन गोष्टींना, टायर प्रेशर, ब्रेक बायस (ब्रेकचा जोर पुढे-मागे कसा वाटायचा ते) आणि पेट्रोल. पेट्रोलचं लोक विसरतात, एक लिटर म्हणजे पाऊण किलो, पाच लॅपसाठी तीस लिटर घेऊन फिरायचं म्हणजे शेजारी शाळकरी पोरगं बसवून फिरण्यासारखं आहे.

मॉड आणि ऑनलाइन

जुना एसी आज जिवंत आहे तो कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच या दोन गोष्टींमुळे. पहिला म्हणजे मूळ मेनूच्या जागी वापरायचा लाँचर, मॉडची झिप त्यावर ओढून टाकली की काम झालं. दुसऱ्याने मूळ गेममध्ये नसलेली रात्र, चालू हेडलाइट, पाऊस असं सगळं आणलं. टोकियोच्या शुतोको एक्सप्रेसवेचा मॉड तर इतका चालतो की बरेच लोक रेस न लावता रात्रभर नुसते ट्रॅफिकमधून फिरतात, तीही एक मजा. ऑनलाइनला भारतातून युरोपच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, जास्त येतो, सिंगापूरकडचे सर्व्हर त्यामानाने बरे. आणि शक्य असेल तर यूपीएस घ्या, शेवटच्या लॅपला तिसऱ्या नंबरवर असताना लाइट गेलेली मी अनुभवली आहे, नंतर मोबाइलच्या टॉर्चमध्ये बुटातली चाकं बघत बसलो होतो.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचा, जिथे २०११ ते २०१३ तिन्ही फॉर्म्युला वन रेस जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन फेटलने मारल्या, तोही मॉडमध्ये मिळतो. पण चाहत्यांनी बनवलेले ट्रॅक बहुतेक वेळा लेझर स्कॅनचे नसतात, फोटो, नकाशे आणि व्हिडिओ बघून उभे केलेले असतात. त्यामुळे मोंझावर व्हील हाताला जो धक्का देतं तो तिथल्या डांबराचा असतो, आणि मॉडच्या ट्रॅकवर तो पुष्कळदा बनवणाऱ्याच्या अंदाजाचा.