शिळ्या भाकरीचे दुसरे गिऱ्हाईक

सकाळी वावरात निघण्यापूर्वी रात्रीची ज्वारीची भाकर ताकात कुस्करायची आणि जवसाच्या चटणीसोबत खायची, ही रीत विदर्भातील खेड्यांत जुन्या घरांतून अजून टिकून आहे. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलेली ही भाकर रात्रभरात काठाशी कडक होते आणि पोषणशास्त्राला रस आहे तो नेमका या कडकपणात. गरम असताना सैल झालेले स्टार्चचे काही रेणू थंड होताना पुन्हा घट्ट जुळून बसतात. लहान आतड्यातील पाचकरसांना ते सहजी फुटत नाहीत आणि तसेच मोठ्या आतड्यात उतरतात.

तिथे राहणारे जिवाणू या उरलेल्या अन्नावरच जगतात. 2016 मधील एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. वजन मात्र सगळे मिळून पाव किलोलाही कमी. न पचलेला स्टार्च आणि डाळी-भाज्यांतील तंतू आंबवून ते ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार करतात. (खवट लोण्याला जो वास येतो, तो याच कुळातल्या आम्लाचा.) मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन हेच ब्युटिरेट असते. शिवाय रोगप्रतिकारक पेशींपैकी ज्यांचे काम इतरांना आवर घालण्याचे, त्यांची संख्या ते वाढवते, हे 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्याला फक्त लढणे आठवते. घरच्याच अन्नावर आणि निरुपद्रवी जंतूंवर उगाच न तुटून पडणे हे तिचे तितकेच मोठे काम आहे.

जिवाणूंना खाद्य मिळालेच नाही, तर काय होते? तंतूविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांत काही जिवाणूंनी आतड्यावरील चिकट संरक्षक थरच खायला घेतला आणि रोगजंतूंची वाट मोकळी झाली. सोयाबीनचा पसारा, रेशनचे गहू-तांदूळ आणि रानडुकरांचा उच्छाद यांमुळे ज्वारीचा पेरा घटला, त्याचा हिशेब आपण केवळ कडब्याच्या टंचाईत मांडतो, हे मला अपुरे वाटते.

तरीही ‘ज्वारी सर्वांना सारखीच मानवते’ असे म्हणता येत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 प्रौढांवर केलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दर्शवणारी 19 प्रथिने घटली. तंतू वाढवलेल्या गटात मात्र प्रतिसाद माणसागणिक वेगळा निघाला. त्याआधी 2015 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 800 जणांची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजली, तेव्हा केळ्याने एकाची साखर चढली आणि बिस्किटाने नाही, तर दुसऱ्याचे नेमके उलट झाले. आतड्यातील जिवाणूंची माहिती इतर तपासण्यांना जोडून हा फरक आधीच वर्तवता येतो, हेही त्यांनी दाखवले. व्यक्तिगणिक आहाराची कल्पना उभी आहे ती अशाच निष्कर्षांवर.

खेड्यात जिवाणूंची तपासणी कोण करून देणार? पण ग्लुकोमीटर आता अनेक मधुमेही घरांत आहे. ‘ज्वारी चांगली’ एवढे ऐकून दोनाच्या चार भाकरी करण्यापेक्षा त्यांनी एक दिवस ताजी आणि एक दिवस शिळी, पण तेवढीच भाकर खाऊन दोन तासांनी साखर पाहावी, औषधाच्या गोळ्या मात्र मनाने बदलू नयेत. आणि ज्यांच्या ताटातून भाकर बऱ्याच वर्षांपूर्वी गेली आहे, त्यांनी सुरुवात अर्ध्या भाकरीने करावी, कारण एकदम जास्त खाद्य मिळालेले जिवाणू वायूही तितकाच करतात आणि पोट दुपारपर्यंत फुगलेले राहते.