पस्तावा आणि पश्चात्ताप: एका मुळाचे दोन शब्द

'पस्तावा' हा शब्द 'पश्चात्ताप' या संस्कृत शब्दाचाच झिजून घडलेला मराठी अवतार आहे. दोन्हींच्या मुळाशी मागाहून होणारा ताप, म्हणजे कृत्य घडून गेल्यावर मनाला लागणारी आच, हाच अर्थ आहे, आणि रोजच्या बोलण्यात एकाच्या जागी दुसरा वापरला तरी काही बिघडत नाही. परंतु "पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा" ही येशूची हाक (मार्क १:१५) ऐकणारा मराठी ख्रिस्ती माणूस तिचा अर्थ 'आपल्या पापांबद्दल मनापासून वाईट वाटून घ्या' एवढाच घेतो, तेव्हा त्याची आध्यात्मिक वाढ पहिल्याच पावलाला अडते. त्या ठिकाणी ग्रीक शब्द 'मेतानोइया' या मुळाचा आहे आणि त्याचा अर्थ मन पालटणे, विचारांची दिशा बदलणे असा होतो. जुन्या करारातील संदेष्टे इस्राएलाला हाक मारतात ती 'शूब' या हिब्रू क्रियापदाने, आणि त्याचा साधा अर्थ आहे मागे फिरणे, परत येणे. मूळ शब्दांचा भर दिशेवर आहे, आपल्या शब्दाचा भर तापावर. ही तफावत शिकवणुकीनेच भरून काढावी लागते.

असा प्रसंग फक्त मराठीवरच आला आहे असे नाही. पश्चिमेकडील मंडळी शतकानुशतके लॅटिन भाषांतर वाचत आली आणि त्यात या हाकेसाठी जी शब्दयोजना होती तिचा अर्थ 'प्रायश्चित्ताची कृत्ये करा' असाही होत असे. इरास्मस या विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कळल्यावर पूर्वी कडू वाटणारा तो शब्द आपल्याला कसा गोड वाटू लागला, हे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये आपले वरिष्ठ श्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. १५१७ च्या त्याच्या पंचाण्णव प्रबंधांतील पहिलाच प्रबंध सांगतो की, विश्वास ठेवणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे अशी प्रभूची इच्छा आहे. पश्चात्ताप म्हणजे केवळ वाईट वाटणे असते, तर हे वाक्य म्हणजे जन्मठेपेची शिक्षाच ठरली असती.

पस्तावा आणि पश्चात्ताप यांतील भेद येशूला चांदीच्या नाण्यांसाठी धरून देणारा यहूदा आणि त्याला ओळखत नाही असे म्हणणारा पेत्र या दोन शिष्यांच्या गोष्टींत सर्वांत स्पष्ट दिसतो, मात्र आपण त्या सहसा घाईने वाचतो. येशूला दोषी ठरवलेले पाहून यहूदाला पस्तावा झाला, असे मत्तय सांगतो (२७:३), आणि तेथे त्याने 'मेतानोइया' न वापरता खंत वाटणे या अर्थाचे निराळे क्रियापद वापरले आहे. (नुसत्या शब्दावर विसंबता येत नाही, हेही सांगितले पाहिजे, द्राक्षमळ्यात जायला आधी नकार देऊन नंतर गेलेल्या मुलाबद्दल मत्तय २१:२९ मध्ये हेच क्रियापद चांगल्या अर्थाने आले आहे.) यहूदाने काय काय केले ते नीट पाहावे. त्याने "मी पाप केले आहे" अशी स्पष्ट कबुली दिली, येशू निर्दोष असल्याची साक्ष दिली आणि चांदीची तीसही नाणी परत केली. पश्चात्तापाची म्हणून जी लक्षणे आपण मोजतो ती जवळजवळ सगळी येथे आहेत. पेत्राने यातले काहीच केले नाही. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, एवढेच लिहिले आहे.

मग फरक कोठे पडला? यहूदा आपले ओझे घेऊन मुख्य याजकांकडे गेला आणि त्यांनी उत्तर दिले, "आम्हाला त्याचे काय? तुझे तू पाहा." त्याच्या दुःखाला जाण्यासाठी दुसरे दार उरले नाही. पेत्राच्या बाबतीत, तो नाकारणार हे ठाऊक असूनच येशूने आदल्या संध्याकाळी त्याला म्हटले होते की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले, हेही लूकच नोंदवतो. पेत्र वळला, कारण त्याच्याकडे कोणी आधीच वळलेले होते. येथे एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते: यहूदाच्या मृत्यूचा दाखला देऊन, निराशेने जीव दिलेल्या माणसांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा न्याय करण्याचा अधिकार या उताऱ्याने कोणालाही दिलेला नाही.

इस्राएलाचे राजे शौल आणि दावीद यांचीही तीच कथा. "मी पाप केले आहे" हे वाक्य दोघांच्याही तोंडी आहे. पण शौल लगेच शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की, लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५:३०). नाथान संदेष्ट्यापुढे दावीद मात्र हेच वाक्य उच्चारून थांबतो. पस्तावलेला माणूस पापाच्या परिणामांकडे पाहत असतो, मग ते अब्रूचे असोत की शिक्षेचे. पश्चात्तापी माणसाला आपण कोणाला दुखावले हे दिसलेले असते. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौलानेही देवाला अनुसरून होणारे दुःख आणि जगाचे दुःख असा भेद केला आहे: पहिले पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते, दुसरे मरणाकडे (२ करिंथ ७:१०). म्हणजे दुःख हे फार तर पश्चात्तापाकडे नेणारी वाट आहे.

नियमशास्त्र, म्हणजे मोशेद्वारे मिळालेल्या देवाच्या आज्ञा, आणि कृपा यांची कामे येथे वेगळी होतात. नियमशास्त्राने पापाची ओळख पटते, असे पौल रोमकरांस पत्रात लिहितो (३:२०), आणि ही ओळख आवश्यकच आहे. जिला नियमशास्त्राचा धाक माहीत नाही ती कृपेची भाषा लवकरच सैल पडते. पण पश्चात्तापाकडे नेते ती देवाची ममता, असे त्याच पत्रात आधी सांगितलेले आहे (२:४). नियमशास्त्राच्या आरशात डाग दिसतो, आरशाने तो धुता येत नाही. माझ्या मते मंडळीतील पुष्कळ प्रामाणिक माणसांचा खरा त्रास असा आहे की, ती रोज आरशासमोर उभी राहतात आणि त्यालाच भक्ती समजतात. त्याच पापासाठी पुन्हा पुन्हा रडायचे, आजचे रडणे कालच्याइतके खोल होते का हे तपासायचे आणि पुरेसे रडल्यावर क्षमा मिळाली असे मानायचे, यात अश्रूंचीच किंमत भरली जाते आणि पश्चात्ताप हेच एक नवे नियमशास्त्र होऊन बसते. उलट, अन्यजातींनाही, म्हणजे यहूदी नसलेल्यांनाही, देवाने जीवनासाठी पश्चात्ताप दिला, असे प्रेषितांच्या काळच्या मंडळीने म्हटले (प्रेषितांची कृत्ये ११:१८). जे दिले जाते त्याची किंमत भरता येत नाही.

जक्कय या जकातदाराच्या गोष्टीतला क्रमही असाच आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरला, आणि मग जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. भरपाई झाली, पण ती भेटीनंतर.

पेत्राने येशूला नाकारले तेव्हा तो महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेगोटीजवळ शेकत उभा होता. त्यासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो: पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी, जेथे येशूने कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवली होती आणि भाकर आणली होती (योहान २१:९). तेथे येशू आधी सर्वांना न्याहारी देतो. मग तो पेत्राला तीन वेळा विचारतो, "माझ्यावर तुझी प्रीती आहे काय?" तिसऱ्या वेळी पेत्राला दुःख होते, पण आता त्याचे पोट भरलेले आहे आणि ज्याला नाकारले तोच समोर बसला आहे. येशूचे पुढचे वाक्य पेत्राच्या अश्रूंविषयी नाही, ते आहे, "माझी मेंढरे चार."