चार तासांनी खायचं सँडविच

करून लगेच खाल्लेलं सँडविच आणि सकाळी आठला डब्यात भरून दुपारी साडेबाराला उघडलेलं सँडविच या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्यात जवळजवळ काहीही खपतं. दुसऱ्याची मात्र मधल्या साडेचार तासांत कसोटी लागते. काकडीला पाणी सुटतं, ब्रेड ते पितो आणि दुपारी हातात येतो तो लदलदीत गोळा. मग डबा तसाच परत येतो आणि जेवण बाहेरून विकत घेतलं जातं. म्हणून स्वस्त आणि पौष्टिक सँडविचचा विचार सारणापासून नव्हे, पाण्यापासून सुरू करावा लागतो.

ब्रेडच्या गाभ्यात वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के पाणी असतं, तर काकडीत आणि टोमॅटोत 94-95 टक्के. भाजी चिरली की पेशी फुटतात आणि आतलं पाणी मोकळं होतं. त्यावर मीठ पडलं की काम आणखी सोपं होतं, कारण परासरणामुळे, म्हणजे मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढत असल्याने, न फुटलेल्या पेशीही पाणी सोडू लागतात. शेजारी असतो ब्रेड, म्हणजे बारीक छिद्रांचा कोरडा स्पंज. पुढचं सांगायला नको.

हेच परासरण आधी आपल्या बाजूने वापरून घेता येतं. 100 ग्रॅम काकडीच्या चकत्यांना पाव छोटा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली पाणी जमेल. चकत्या पटकन पाण्याखाली धरून वरचं मीठ धुऊन टाका आणि स्वच्छ फडक्यात दाबून कोरड्या करा. टोमॅटोचा बियांभोवतीचा बुळबुळीत गर सर्वांत ओला असतो, तो चमच्याने काढा. फेकू मात्र नका, टोमॅटोची चव त्या गरातच जास्त असते. तो भाजीत किंवा सूपमध्ये जाऊ द्या. सॅलडची पानं धुतली असतील तर पूर्ण निथळून पुसा. पानावरचा एकेक थेंब शेवटी ब्रेडमध्येच जिरतो.

दुसरा उपाय बांध घालण्याचा. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे सलग थर स्निग्धाचा असून पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात अडकलेले असतात. त्यामुळे बाहेरच्या पाण्याला वाट मिळत नाही. मेयोनीजची रचना नेमकी उलट आहे: सलग भाग पाण्याचा आणि त्यात तेलाचे थेंब. तेल भरपूर असूनही मेयोनीज पाणी तितकं अडवत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एका स्लाइसला एक छोटा चमचा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम बटर पुरतं. ते कडेपर्यंत पोचलं पाहिजे. कडेला बोटभर जागा सुटली की पाणी तिथूनच शिरतं. फ्रिजमधलं कडक बटर ब्रेड ओरबाडतं आणि थराला भोकं पडतात, म्हणून ते वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा.

दोन्ही स्लाइसना बटर लावायची मात्र गरज नाही. बटरमधल्या स्निग्धांशाचा निम्म्याहून अधिक भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो, तेव्हा तो जिथे कामाचा आहे तिथेच खर्च करावा. खालच्या स्लाइसला बटर, त्यावर काकडी-टोमॅटो, त्यावर घट्ट सारण, मग वरचा कोरडा स्लाइस. सारण घट्ट असेल तर त्यातलं पाणी स्टार्च आणि तंतूंनी (फायबरने) धरून ठेवलेलं असतं, ते सहजी ब्रेडमध्ये उतरत नाही. बटरऐवजी शेंगदाण्याचं बटरही चालतं. त्याने प्रथिनंही वाढतात.

सारणासाठी खिशाला आणि पोटाला दोन्हीकडून परवडणारी गोष्ट म्हणजे सुके काबुली चणे. 100 ग्रॅम चणे आठ तास भिजवून मऊ शिजवले की सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. तीन सँडविच त्यात आरामात होतात. शिजल्यावर पाणी पूर्ण निथळा, पाच मिनिटं चाळणीत वाफ जाऊ द्या आणि काट्याने जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटलं तर ते सैल होतं आणि चावा घेताच बाजूने बाहेर येतं. त्यात एक मोठा चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस, मिरपूड आणि पाव छोटा चमचा मीठ घाला. कच्चा कांदा त्याच दिवशी सकाळी घाला, आदल्या रात्री घातलात तर त्यालाही पाणी सुटतं. ही ठेच फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस टिकते. पूर्ण गव्हाच्या दोन स्लाइससह एका सँडविचमध्ये 14 ग्रॅमच्या घरात प्रथिनं आणि 9-10 ग्रॅम तंतू मिळतात. उकडलेलं अंडं घालायचं तर एका अंड्याची 6 ग्रॅम प्रथिनं धरा.

स्वस्त काय, हे पाकिटावरच्या किमतीवरून ठरवू नका. पाकिटाची किंमत त्यातल्या एकूण प्रथिनांच्या ग्रॅमनी भागा. सुकी कडधान्यं आणि अंडी या हिशेबात बहुधा वर येतात. स्लाइस केलेलं प्रक्रिया केलेलं मांस खाली घसरतं, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये अशा मांसाला कर्करोगकारक गटात घातलं आहे. रोजच्या डब्यासाठी ते नकोच.

मिठाचा हिशेब मात्र सारणापेक्षा ब्रेड आणि चीजमुळे चुकतो. 100 ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण 1 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दोन स्लाइसमधून पाऊण ग्रॅमच्या आसपास. चण्याच्या ठेचीतून अर्धा ग्रॅम. त्यात खारं बटर आणि प्रोसेस्ड चीजचा तुकडा आला की आकडा सहज दोन ग्रॅमकडे जातो. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीज हवं असेल तर बटर बिनमिठाचं घ्या आणि ठेचीतलं मीठ वगळा. लिंबामुळे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. ब्रेड निवडताना रंगावर जाऊ नका, तपकिरी रंग कॅरमलचाही असू शकतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव पूर्ण गव्हाच्या पिठाचं आहे का, तेवढं बघा.

ब्रेड शिळा होणं म्हणजे वाळणं नव्हे. झां-बातिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखवलं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो. भाजताना सैल झालेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकरूपात जुळू लागतात आणि गाभा कडक होतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये टिकतो (बुरशी लांबते), पण लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणारा ब्रेड बाहेर ठेवा, उरलेला थेट फ्रीझरमध्ये. तिथे ही जुळणी जवळपास थांबते. लागतील तेवढेच स्लाइस सकाळी काढा.

आठवड्याची सँडविच एकदाच करून गोठवायची असतील तर चण्याची ठेच, शेंगदाण्याचं बटर, चीज आणि शिजवलेलं चिकन चालतं. काकडी, टोमॅटो, पानं चालत नाहीत, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना सगळा चोथा होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो, मेयोनीज फुटून तेल वेगळं होतं. गोठवलेलं सँडविच सकाळी पिशवीत टाकलं की दुपारपर्यंत वितळतं, भाजी वेगळ्या छोट्या डब्यात न्यावी आणि खाताना आत सरकवावी.

आता सुरक्षिततेचं. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा, आणि अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. अंडं, चिकन, शिजलेली कडधान्यं, शिजलेला बटाटा हे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे चार तासांच्या डब्याला थंडावा लागणारच. कामाच्या ठिकाणी फ्रिज असेल तर उत्तम, नसेल तर जाड अस्तराची पिशवी आणि गोठवलेली जेलची पिशवी. ती डब्याच्या वर ठेवा, थंड हवा खाली उतरते. नंतर गरम करून खाऊ, ही पळवाट नव्हे: स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं विष उष्णतेतही टिकतं. दोष मात्र नेहमी मेयोनीजच्या माथी मारला जातो. बाजारातलं मेयोनीज आम्लधर्मी असतं, त्यात जिवाणू सहजी वाढत नाहीत; बिघडतं ते बहुधा त्यात कालवलेलं अंडं किंवा चिकन.

काय चुकलं, ते उघडल्यावर सँडविचच सांगतं. फक्त खालचा स्लाइस ओला असेल तर बटर कडेपर्यंत गेलं नाही किंवा काकडी पुसली गेली नाही. दोन्ही स्लाइस दमट आणि झाकणाला आतून थेंब दिसत असतील तर सारण किंवा टोस्ट गरम असतानाच डबा बंद झाला. टोस्ट जाळीवर पाच मिनिटं निवू द्यायला हवा, ताटलीवर ठेवला तर खालून घाम येतो. कडा कडक आणि मधला भाग ठीक असेल तर गुंडाळी सैल होती, आधी कागदात घट्ट गुंडाळून मग डब्यात ठेवा. आणि चावा घेताच सारण मागून बाहेर येत असेल तर ते सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमपेक्षा जास्त भरलंय.