रोड टू लाइफ (रशियन चित्रपट)

‘पुत्योव्का व झिझ्न’ हा निकोलाय एक (Ekk) यांनी दिग्दर्शित केलेला सोव्हिएत चित्रपट १ जून १९३१ रोजी मॉस्कोत प्रदर्शित झाला. मेझराबपोमफिल्म या संस्थेने तो काढला. सोव्हिएत संघातला हा पहिला बोलका कथाचित्रपट. बाहेरच्या जगात तो ‘रोड टू लाइफ’ या नावाने ओळखला जातो. चोऱ्यामाऱ्या करून जगणारी मॉस्कोतली बेवारस पोरं हा त्याचा विषय.

ही पोरं कल्पनेतली नव्हती. पहिले महायुद्ध, यादवी युद्ध आणि १९२१-२२चा व्होल्गाकाठचा दुष्काळ यांनी रशियात लाखो मुले पोरकी केली. ती रेल्वेच्या डब्यांखाली लपून शहरांत येत, तळघरांत झोपत, खिसे कापत. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये गुप्त पोलिसांचे प्रमुख झेर्झिन्स्की यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी आयोग नेमला गेला. १९२४ मध्ये गुप्त पोलीस खात्याने मॉस्कोजवळ बोल्शेवो येथे बालगुन्हेगारांसाठी श्रम-वसाहत उघडली. मात्वेय पोग्रेबिन्स्की हे तिचे संघटक. चित्रपटातल्या सेर्गेयेव या वसाहतप्रमुखाच्या पात्रावर त्यांची छाप आहे, आणि पडद्यावरच्या गर्दीत वसाहतीतली खरी मुलेही आहेत.

कथा १९२३च्या हिवाळ्यात सुरू होते. झिगान हा टोळीचा म्होरक्या, तर मुस्तफा त्याचा सर्वांत चलाख हस्तक. चालत्या बाईच्या फरकोटाचा पाठीकडचा तुकडा तो तिला कळूही न देता कापून घेतो. कोल्का मात्र कामगाराच्या चांगल्या घरातला. आई अचानक गेली, बाप दारूत बुडाला आणि पोरगा रस्त्यावर आला. पोलिसांनी धरून आणलेल्या या मुलांना सेर्गेयेव तुरुंगाऐवजी वसाहतीत नेतो, तेही पहाऱ्याशिवाय. एका जुन्या मठात सुतारकाम आणि चांभारकाम सुरू होते. पुढे पुराच्या पाण्याने वाट तुटते, कच्चा माल संपतो, रिकामे हात पुन्हा दंग्याकडे वळतात. त्यावर उपाय म्हणून वसाहतीपासून मुख्य लोहमार्गापर्यंत रूळ टाकायचे काम मुलेच अंगावर घेतात. झिगान जवळच गुत्ता थाटून त्यांना परत ओढू पाहतो.

चित्रपटाचा खरा गाभा वसाहतीला निघतानाच्या एका छोट्या प्रसंगात आहे. सेर्गेयेव मुस्तफाच्या हाती पैसे देतो आणि वाटेसाठी खाणे आणायला बाजारात पाठवतो. गाडी सुटायची वेळ होते तरी पोराचा पत्ता नाही. सेर्गेयेवच्या चेहऱ्यावर या वेळी जे दिसते, ते निकोलाय बतालोव यांच्या अभिनयाचे शिखर म्हणावे लागेल. मुस्तफा पाव आणि सॉसेज घेऊन परततो. सुधारणेवर कोणी भाषण करत नाही, म्हणूनच हा प्रसंग पटतो. चित्रपटाचा प्रचारकी भाग मात्र आज जड वाटतो, विशेषतः नाट्यनट वासिली काचालोव यांच्या आवाजातले आरंभीचे आणि शेवटचे निवेदन.

ध्वनिमुद्रण पावेल तागेर यांच्या यंत्रणेवर झाले. तंत्र नवखे होते. मूकपटांसारख्या मजकूरपाट्या अधूनमधून येतच राहतात. तरीही एक यांना आवाजाचा उपयोग कळला होता. रूळमार्गाच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री मुस्तफा ढकलगाडीवरून गात निघतो. झिगानने रूळ उखडून ठेवलेला असतो. सकाळी पहिली गाडी येते ती इंजिनाच्या पुढ्यात मुस्तफाचा मृतदेह घेऊन. स्वागताचा बँड थांबतो आणि वाफेचा उसासा तेवढा ऐकू येतो.

मुस्तफाची भूमिका करणारे इवान किर्ल्या हे व्होल्गाकाठच्या मारी समाजातले कवी होते. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सक्तमजुरीच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. पोग्रेबिन्स्की यांनी १९३७ मध्येच आत्महत्या केली. माणूस सुधारतो असे सांगणारा चित्रपट ज्या राजवटीने मिरवला, तिनेच त्यातल्या माणसाचा बळी घेतला, हे या नोंदीतून वगळता येत नाही. झिगान झालेले मिखाईल झारोव पुढे मोठे लोकप्रिय नट झाले.

१९३२च्या पहिल्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांच्या कौलाने निकोलाय एक हे सर्वोत्तम दिग्दर्शक ठरले. अमेरिकेतल्या आवृत्तीला शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी प्रास्ताविक केले. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे ते हेच. एक यांनी १९३६ मध्ये सोव्हिएत संघाचा पहिला रंगीत कथाचित्रपट ‘ग्रुन्या कोर्नाकोवा’ काढला. ‘रोड टू लाइफ’ १९५७ मध्ये ध्वनी सुधारून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला.