उरलेली बूट एन्ट्री

एखादी ऑपरेटिंग सिस्टिम मशीनमधून काढून टाकली तरी फर्मवेअरच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बूट मेनूत तिचं नाव तसंच राहतं, त्याला उरलेली बूट एन्ट्री म्हणतात. नेहमी दिसणारी केस उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराची. विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलं, काही दिवस वापरलं, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सची पार्टिशन्स उडवली आणि ती जागा सी ड्राइव्हला जोडली, तरी बूट मेनू उघडला की उबुंटू हजर. त्याहून त्रासदायक म्हणजे मशीन चालू केलं की विंडोज येतच नाही, काळ्या स्क्रीनवर नुसता ग्रबचा, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचा प्रॉम्प्ट. लोक घाबरतात की डिस्क गेली, पण डेटा जागच्या जागी असतो, मशीन फक्त चुकीच्या दारातून आत शिरलेलं असतं. बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडलं की बहुतेक वेळा विंडोज सरळ चालू होतं.

हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथे गोष्टी दोन आहेत आणि दोन वेगळ्या जागी आहेत. बायोस या जुन्या प्रकारच्या फर्मवेअरमध्ये डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जायचा आणि तिथून पुढे बूट व्हायचं. यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरमध्ये मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) बूट ००००, बूट ०००१ अशा चार हेक्स आकड्यांच्या नोंदी असतात आणि बूटऑर्डर नावाच्या व्हेरिएबलमध्ये त्यांचा क्रम. प्रत्येक नोंदीत दाखवायचं नाव, पार्टिशनचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) आणि फाइलचा पाथ. सिस्टिम चालू करणारी ती फाइल मात्र डिस्कवरच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये असते. हे पार्टिशन साधारण फॅट३२ असतं आणि विंडोजमध्ये त्याला ड्राइव्ह लेटर नसतं म्हणून ते एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. लिनक्सची पार्टिशन्स उडवली तरी ना ही फाइल जाते, ना ती नोंद. डिस्क पूर्ण फॉरमॅट केली तरी मदरबोर्डवरची नोंद आपोआप पुसली जाईलच असं नाही, आणि मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून ठेवल्यानेही सहसा काही होत नाही कारण हल्ली ही व्हेरिएबल्स फ्लॅश चिपमध्ये साठवतात.

हात लावायच्या आधी दोन कामं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, बूटमध्ये बदल झाला की ती मागितली जाऊ शकते. आणि फर्मवेअरच्या सेटअपमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणून एकदा रीस्टार्ट करून बघा.

विंडोजमधून करायचं तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा, माउंटव्हॉल कमांडने ते लपलेलं पार्टिशन एखाद्या मोकळ्या लेटरवर लावायचं आणि ईएफआय फोल्डरमधलं फक्त उबुंटू नावाचं फोल्डर काढायचं. शेजारचं मायक्रोसॉफ्ट फोल्डर विंडोजचं आहे, ते उडवलं तर विंडोजच बूट होणार नाही. मग बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडला फर्मवेअरच्या नोंदी दाखवायला सांगायचं आणि उबुंटूच्या नोंदीचा महिरपी कंसातला आयडी देऊन ती डिलीट करायची. पॉवरशेलमध्ये करत असाल तर तो आयडी अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर कमांड एरर देते आणि माणूस उगाच दुसरीकडे चूक शोधत बसतो.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून हे जास्त सोपं वाटतं. ईएफआयबूटएमजीआर ही कमांड नुसती चालवली की सगळी यादी येते, मग स्मॉल बी पुढे नोंदीचा नंबर आणि कॅपिटल बी दिलं की ती नोंद गेली. फक्त पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट झालेला हवा, लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये ही कमांड सांगते की ईएफआय व्हेरिएबल्सच नाहीत. काही कंपन्यांच्या फर्मवेअर सेटअपमध्ये तर बूट ऑप्शन डिलीट करायची सोय असते, आधी तिथेच बघावं.

काढलेली नोंद परत उगवते ही खरी डोकेदुखी, आणि बरेच जण इथेच अडकतात. बऱ्याचदा नोंद काढलेली असते पण फाइल राहिलेली असते. काही फर्मवेअर चालू होताना ते पार्टिशन तपासतात आणि ओळखीची फाइल दिसली की नोंद स्वतःच बनवतात. उबुंटू आणि फेडोरासारख्या डिस्ट्रोंचं (लिनक्सच्या प्रकारांचं) अजून एक आहे, ईएफआयमधल्या बूट फोल्डरमध्ये त्यांचा फॉलबॅक (नोंद नसेल तेव्हा कामाला येणारा) प्रोग्राम बसलेला असू शकतो, त्या वाटेने मशीन बूट झालं की तो डिस्ट्रोच्या फोल्डरमधली सीएसव्ही फाइल वाचून नोंद पुन्हा तयार करतो. म्हणून आधी फोल्डर आणि मग नोंद हाच क्रम बरा. पेनड्राइव्ह आणि नेटवर्क बूटच्या नोंदी मात्र बरेच फर्मवेअर दरवेळी स्वतःच टाकतात, त्यांच्या मागे लागू नये.

एखादी जास्तीची नोंद क्रमात खाली पडून असेल तर तिचा काही त्रास नाही, तशीच ठेवली तरी चालतं. पण एनव्हीरॅमशी आडदांडपणा नको. २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप कायमचे बंद पडले, एनव्हीरॅममध्ये जास्त डेटा लिहिला गेला की त्यांचं फर्मवेअर पुढे चालूच होत नव्हतं. २०१६ मध्ये लिनक्सवर रूटपासून सगळं पुसणारी कमांड दिल्यावर ईएफआय व्हेरिएबल्सही पुसली जाऊन लॅपटॉप निकामी झाल्याचं समोर आलं, त्यानंतर कर्नल ४.५ पासून यातली बहुतेक व्हेरिएबल्स सहज पुसता येणार नाहीत अशी ठेवली गेली. त्यामुळे लिनक्समध्ये ही व्हेरिएबल्स ज्या फोल्डरमध्ये फाइलींसारखी दिसतात तिथे शिरून फाइली हाताने डिलीट करू नका, ईएफआयबूटएमजीआर किंवा बीसीडीएडिटनेच करा, आणि नंबर दोनदा वाचूनच एंटर दाबा.